दोन आडव्या रेघा

मित्रांनो, दोरीवर कपडे वाळत घालताना लावायचा चिमटा तुम्ही पाहिलाच असेल. मी दिसायला जवळपास तसाच आहे, फक्त कपड्याऐवजी माणसाचं बोट धरतो. दुकानातलं माझं नाव ऑक्सिमीटर. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला ज्या घरात मी राहतो, तिथे मात्र मला नुसतं 'मशीन' म्हणतात. घरात मिक्सर आहे, शिलाईचं यंत्र आहे, पण 'मशीन आण' म्हटलं की मलाच शोधतात. आता मी जुना झालो आहे. माझ्या पाठीवरचं झाकण ढिलं झालं आहे आणि ते निसटू नये म्हणून त्यावर पिवळ्या रबराचा वेढा आहे.

माझं काम सोपं आहे. वरच्या जबड्यात एक लहान दिवा, खालच्या जबड्यात एक डोळा. तुमचं हृदय एकेक ठोका देतं, तशी बोटाच्या टोकापर्यंत रक्ताची एक बारीकशी लाट येते. दिव्याचा उजेड त्या लाटेतून आरपार जातो, डोळा तो झेलतो, आणि रक्ताने प्राणवायू किती आणला ते मी आकड्यात दाखवतो. त्याच्या शेजारी नाडीचे ठोके. बस, एवढंच. ताप किती, श्वास कसा चालला आहे, रक्तदाब काय, यातलं मला काहीही कळत नाही. आणि लाटच आली नाही तर माझ्या पडद्यावर दोन आडव्या रेघा उमटतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ माणसं हेच विसरली म्हणून झाला.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा एका मुलीने माझ्यात बोट घालून पाहिलं, आकडा आला, आणि तिने मला डब्यात बंद केलं. डबा उघडला तो थेट वर्ध्याच्या एका औषधाच्या दुकानात. कोरोनाचा काळ होता. दुकानापुढे खडूचे गोल आखलेले आणि एकेका गोलात तोंड बांधलेलं एकेक माणूस. त्यातल्या एका गोलात मंजुषा उभी होती. वर्ध्याच्या कॉलेजात शिकून बीएस्सी झालेली, लग्न होऊन रोहण्याला आलेली, आणि घरी रांगतं लेकरू ठेवून आलेली. तिने मला घेतलं आणि पदराआड असं धरलं, जसं काही कोणी हिसकावून नेईल.

घरी तिचा नवरा गजेंद्र तापाने आजारी होता. गावात त्याचं किराणा दुकान आहे. मी गेलो तेव्हा तो खाटेवर बसून फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होता. मंजुषाने मला त्याच्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी.

"मी ठणठणीत आहो," गजेंद्र म्हणाला. "तुह्या मशीनचंच डोकं फिरलं."

मंजुषाने स्वतःचं बोट घातलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा त्याचं बोट. सत्त्याऐंशी. ती वाद घालत बसली नाही. गाडी बोलावली आणि त्याला घेऊन गेली. दवाखान्यातून तो परत आला तेव्हा बराच वाळला होता, पण आपल्या पायांनी चालत आला.

त्या वर्षी खंडेनवमीला विळा, भाजी चिरायची पावशी आणि दुकानाचा तराजू यांच्या रांगेत मलाही बसवलं. गजेंद्रच्या आईने, देवकाबाईंनी, माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. "ह्यानंच माह्या पोराले वाचवलं," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी नुसता आकडा दाखवला होता. त्यावर विश्वास मंजुषाने ठेवला होता. पण कौतुक कोणाला नको असतं, मित्रांनो? मीही ऐकून घेतलं.

त्यानंतर त्या घराला माझी सवय लागली. कोणी शिंकलं की मशीन. देवकाबाईंचा गुडघा दुखला तरी मशीन. शेजारपाजारची माणसं यायची, ओसरीवर बसायची, बोट पुढे करायची, आणि 'अठ्ठ्याण्णव आली' म्हणत परीक्षेत पास झाल्यासारखी घरी जायची. मंजुषाचा तर माझ्यावर फार जीव. तिचा मुलगा रजत झोपला की ती आधी त्याच्या पोटाकडे बघत बसे, वर-खाली, वर-खाली, आणि तरी मन भरलं नाही की हळूच त्याच्या बोटाला मला लावी.

"पोराले झोपू दे वं," देवकाबाई म्हणायच्या. "काऊन मशीन लावून राह्यली? मलेबी इचारून सांग तुह्या मशीनले, मी भाकर खाऊ का नको खाऊ."

मागच्या हिवाळ्यात एकदा रजतला खोकला झाला. मी त्याच्या बोटावर होतो आणि तो दुसऱ्या हाताने मांजरीला ओढत होता. बोट हललं की लाट मोडते, आणि मोडक्या लाटेवरून मी भलताच आकडा दाखवतो. मी चौऱ्याऐंशी दाखवलं. मंजुषा स्वयंपाक तसाच टाकून त्याला आर्वीला घेऊन धावली. तिथल्या डॉक्टरांनी रजतला मांडीवर हात ठेवून शांत बसवलं, आणि आकडा आला नव्याण्णव. डॉक्टर चांगले होते, हसून 'काही नाही' म्हणाले. पण गाव कुठे सोडतं? दुकानात साबण घ्यायला आलेला माणूस सुद्धा विचारी, "काय गजूभाऊ, पोरगं शिंकलं म्हणे? मंग आर्वीले नाई गेले अजून?" गजेंद्र हसून वेळ मारून नेई. रात्री मात्र तो घरात म्हणाला, "मंजू, जरा पाहून सवरून करत जा. लोकं हासतेत."

दुसऱ्या दिवशी मंजुषाने मला पिना, टिकल्या आणि तुटकी बटणं असलेल्या डब्यात ठेवून दिलं. थोड्या दिवसांनी कोणीतरी माझे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले. डब्यातल्या अंधारात मी रिकाम्या पोटाने पडून राहिलो. तक्रार करत नाही. असं होतंच.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मला पुन्हा उजेड दिसला.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. हा दिवस लहान मुलांच्या लाकडी नंद्यांचा. मुलं आपापला नंदी सजवून संध्याकाळी पारापाशी रांगेत उभी राहतात, मग घरोघर फिरतात, आणि लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ देतात. रजतचा नंदी सागवानाचा, चाकांचा. वर्षभर तो आणि त्याची झूल पोत्यात बांधून माळ्यावर पडून असतात. त्या दिवशी सकाळपासून रजत ओसरीत बसून नंदीच्या शिंगांना लाल ऑइलपेंट देत होता. शिंगांपेक्षा बोटांनाच रंग जास्त लागला होता. दोन्ही हातांची नखं लालभडक. मग झूल काढायला त्याने पोतं ओढून उलटं केलं, आणि झुलीसोबत विंचू पडला.

पुढचं मी डब्यातूनच ऐकलं. रजतची किंकाळी, मग देवकाबाईंची, "इच्चू! इच्चू चावला वं माय माह्या लेकराले!", मग फरशीवर वहाणेचा फटका. डाव्या घोट्याजवळ चावला होता. विंचू लहानसाच होता, लालसर. देवकाबाईंनी लगेच पाट्यावर चिंचोका घासला आणि चावल्या जागी चिकटवला. त्यांच्या माहेरी असंच करत आणि त्यांनी आयुष्यभर असंच केलं होतं. रजत असा रडला की शेजारच्या घरातून बाया धावत आल्या. गजेंद्रही दुकान तसंच टाकून आला. रजतला एक उलटी झाली. अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला. आणि मग हळूहळू त्याचं रडणं थांबलं.

"आजी, आता नाई दुखत," तो म्हणाला.

"पाह्यलं?" देवकाबाईंनी सगळ्या बायांकडे बघितलं. "चिंचोक्यानं ओढून घेतलं इख."

बाया घरी गेल्या. गजेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला. मंजुषाला मात्र ते गप्प होणं आवडलं नाही. तिने रजतला मांडीवर घेतलं. तो नंदीकडे बघतसुद्धा नव्हता. सकाळपासून ज्याच्यासाठी जेवला नव्हता, तो नंदी हातभर अंतरावर उभा होता, आणि रजत भिंतीकडे बघत होता.

"अहो, दवाखान्यात नेऊ या," ती म्हणाली.

"आता तर दुखूनबी नाई राह्यलं त्याले. सकाळपासून नंदीच्या मागं लागला होता, थकला. झोपू दे."

मंजुषाच्या तोंडाशी पुढचं वाक्य आलं होतं, पण ते तिने गिळलं. मागचा हिवाळा तिला आठवला. हातात एखादा आकडा असता तर कोणी हसलं नसतं. आकडा असता तर गजेंद्र उठला असता, तिला बोलावंसुद्धा लागलं नसतं. म्हणून ती उठली आणि डबा उघडला.

रिमोटमधले सेल माझ्यात आले. माझा दिवा लागला. तिने मला रजतच्या उजव्या हाताच्या बोटावर लावलं आणि सगळे माझ्यावर वाकले.

दोन आडव्या रेघा.

"रंग आहे ना नखाले," देवकाबाई म्हणाल्या. "दिसन कसं त्याले?"

गजेंद्रने दुकानातून थिनर आणलं. चिंधी भिजवून त्याने रजतच्या उजव्या हाताचं एकेक बोट घासलं. नखं साफ झाली, कातडी पांढुरकी पडली. मला पुन्हा लावलं. रेघाच.

"सेल गेले असन," गजेंद्र म्हणाला. दुकानातून नवे सेल आले. रेघाच. मग त्याने मला तळहातावर दोनदा आपटलं. तेव्हाच ते झाकण ढिलं झालं. रेघाच.

मित्रांनो, मी त्या बोटात बघत होतो. माझा दिवा नीट जळत होता, डोळा उघडा होता. पण कालव्याला वरून पाणीच सोडलं नसेल तर शेवटच्या वावरात उभ्या असलेल्या माणसाने काय मोजावं? त्या बोटात लाट येत नव्हती. मला जे दिसत होतं तेच मी सांगत होतो. रेघा म्हणजेच माझं सांगणं होतं. आणि ते ऐकायचं सोडून माणसं माझी दुरुस्ती करत होती.

मंजुषाने मला काढलं आणि स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"मशीन चालू आहे," ती म्हणाली.

"मंग अजून रंग राह्यला असन."

"हात थंडा आहे त्याचा."

"थिनर लावलं ना आत्ताच. थिनरनं हात थंडा पडतेच. माह्याबी पडला, पाह्य." गजेंद्रने आपला हात पुढे केला. खरोखरच थंड होता.

मंजुषाने त्याचा हात धरला, सोडला. मग ती खाली सरकली आणि रजतचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. ज्याला विंचू चावला नव्हता, तो पाय. कितीतरी वेळ तिने तो तसाच धरून ठेवला, ऊब येईल म्हणून. आली नाही.

"आई," ती सासूला म्हणाली, "हाताले थिनर लावलं. पायाले कोणी लावलं?"

देवकाबाई पुढे आल्या. त्यांनी नातवाच्या तळपायाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. घरात सगळ्यांत आधी त्याच ओरडल्या, "गज्या, तोंड काय पाहून राह्यला? गाडी काढ!"

दुकानाचा माल आणायला गजेंद्रकडे 'छोटा हत्ती' म्हणतात तो चारचाकी टेम्पो आहे. त्यात पुढे मंजुषा बसली, मांडीवर रजत, आणि तिच्या मुठीत मी. दुसरा तळहात तिने रस्ताभर रजतच्या पोटावर ठेवला होता. पोट भराभर वर-खाली होत होतं. ते मला कळलं नसतं. तिला कळत होतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात छाया सिस्टर ड्यूटीवर होत्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. मंजुषाने आधी मलाच त्यांच्यापुढे धरलं.

"सिस्टर, आमची मशीन आकडा दाखवून नाई राह्यली."

"मशीन आणली का पोरगं आणलं, बाई? ठेवा त्याले खाटेवर. काय झालं?"

"इच्चू चावला. लाल."

सिस्टरांनी दवाखान्याचा मोठा मॉनिटर ओढला आणि त्याच्या वायरचा चिमटा रजतच्या बोटाला लावला. माझा तो मोठा भाऊ, महागाचा, चाकांच्या स्टँडवर मानाने बसणारा. त्याच्या पडद्यावरही आकडा आला नाही. मला वाटलं, आता ह्यालाही आपटतील. पण सिस्टरांनी पडद्याकडे दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. त्या पोराकडे वळल्या.

"दोन मशिना एकाच वेळी नाई मरत, बाई," त्या म्हणाल्या, आणि रजतच्या पायाच्या बोटांपासून वर हात सरकवत नेला. घोटा, नडगी, गुडघा. गुडघ्यापाशी हात थांबला. तिथून वर ऊब होती. मग त्यांनी अंगठ्याने त्याची छाती दाबून सोडली. अंगठ्याचा पांढरा ठसा लगेच पुसला जायला हवा होता, तो रेंगाळला. एक हात पोटावर ठेवून आणि डोळे घड्याळावर लावून त्यांनी श्वास मोजले, अख्खा मिनिटभर. दंडाला लहान मुलांचा पट्टा बांधून रक्तदाब घेतला. हे सगळं करताना त्यांचा आवाज मोठाच होता. "नाव काय रे राजा? नंदी कोणता रंगवला?" रजतने उत्तर दिलं नाही. तेव्हा त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "मॅडम! लवकर या!"

डॉक्टर आचल तरुण होत्या. त्यांनी सरळ मंजुषालाच विचारलं. कधी चावला, उलटी झाली का, घाम किती आला, दुखायचं कधी थांबलं. मंजुषाने सगळं क्रमाने सांगितलं. घाम आधी कपाळाला आला, मग पाठीला. उलटी एक. दुखणं थांबल्यानंतर तो नंदीकडे बघेना, हेही सांगितलं. तिला वाटलं, ह्यावर तरी हसतील. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि मनात नोंद केली.

"ह्या विंचवाचं विष अंगात भिनलं की हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात," रजतची पाठ तपासता तपासता त्या म्हणाल्या. "रक्त बोटापर्यंत पोचतच नाही. मग मशीन काय दाखवणार? हृदयावर ताण येतो, छातीत पाणी होऊ शकतं. दुखायचं थांबलं म्हणजे विंचू उतरला, असं ह्यात धरायचं नाही."

गजेंद्र भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातांना अजून थिनरचा वास येत होता.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी एक लहानशी गोळी दिली गेली. तोंडावर प्राणवायूचा मास्क आला. "आडवाच राहू द्या, ह्या गोळीने उठल्यावर रक्तदाब उतरतो," डॉक्टरांनी बजावलं, "मांडीवर घ्यायचं नाही, बसवायचं नाही." हातात घ्यायला काहीच उरलं नाही म्हणून मंजुषा कासावीस झाली. तेव्हा सिस्टरांनी तिला काम दिलं.

"इथं बसा. त्याच्या पायाले हात लावून पाहत राहा. ऊब गुडघ्यावर आहे. ती खाली उतरली की मले सांगजो. आकडा नका पाहू, हात लावा."

मला उशाशी ठेवलं होतं. तिथून मी बघत होतो. दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन श्वास मोजत, दंडाचा पट्टा फुगवत, डॉक्टर येऊन पाठीला स्टेथोस्कोप लावून छाती ऐकत. मध्ये एकदा रजत खोकला, तेव्हा दोघीही धावत आल्या. छाती साफ होती. त्या पुन्हा गेल्या. मंजुषाचा हात मात्र तिथेच राहिला. माझ्यासारखाच धरून. फरक एवढाच, की मी एका बोटाच्या टोकावर थांबतो, आणि ती गुडघ्यापासून खाली ऊब शोधत होती.

"सिस्टर," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नडगीपर्यंत आली."

"येऊ द्या."

बाहेर रस्त्यावर आर्वीचा तान्हा पोळा निघाला होता. लाकडी चाकांचा खडखडाट आणि पोरांचा कालवा खिडकीतून आत येत होता. रजतने त्या आवाजाकडे मान वळवली.

"आई, माह्या नंदीचं एक शिंग राह्यलं," तो मास्कच्या आतून म्हणाला.

मंजुषाने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या हाताने ती त्याचा तळपाय चाचपत होती. "सिस्टर," ती म्हणाली, "बोटापर्यंत आली."

छाया सिस्टर आल्या. त्यांनी स्वतः दोन्ही पाय धरून पाहिले, छाती दाबून पाहिली, ठसा झटकन पुसला गेला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला उचललं, कापसाने माझा दिवा आणि डोळा पुसला, जे कित्येक महिन्यांत कोणी केलं नव्हतं, आणि रजतचा डावा हात हाती घेतला.

"सिस्टर, त्या हाताचा रंग नाई काढला," गजेंद्र घाईघाईने म्हणाला. "थिनर फक्त इकडच्याले लावलं होतं."

"राहू द्या हो."

त्यांनी मला त्या लालभडक नखावर बसवलं. क्षणभर रेघा होत्या. मग लांबून बैलाच्या घुंगरांचा नाद यावा तशी एक बारीकशी लाट आली. तिच्यामागे दुसरी. माझ्या पडद्यावर सत्त्याण्णव उमटलं.

गजेंद्रने आकड्याकडे पाहिलं. मग त्या रंगलेल्या नखाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. छाया सिस्टरांनी खिशातून चॉकलेट काढून रजतच्या उशाशी ठेवलं. "हा तुह्या नंदीचा बोजारा. घरी गेल्यावर खाजो."

त्या रात्री त्याला दवाखान्यातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि आल्याआल्या त्याने राहिलेलं शिंग रंगवलं.

आता त्या घरात माळ्यावरचं पोतं अंगणात काठीने झोडपल्याशिवाय कोणी उघडत नाही. मी डब्यात नसतो, देवळीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. सेल मात्र काढून वेगळे ठेवलेले, म्हणजे ते माझ्या पोटात फुटून गळणार नाहीत. देवकाबाईंनी चिंचोके फेकले नाहीत, पण परवा शेजारच्या बाईला विंचू चावला, तेव्हा चिंचोका घासायच्या आधी त्यांनी तिचा पाय धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गरम आहे. तरीबी दवाखान्यात चाल, गज्याची गाडी आहे." दुकानात आता कोणी हसत नाही. हसलं तर गजेंद्रच विचारतो, "तुमच्या घरी पोराच्या पायाले कोण हात लावून पाह्यते?"

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला पुसून ठेवा. ओल्या जागी टाकू नका. मी आकडा दाखवला तर बघा जरूर, पण तो आकडा ज्याच्या बोटातून आला त्या माणसाकडेही बघा. त्याचा श्वास बघा, घाम बघा, तो कशाकडे बघेनासा झाला ते बघा. आणि कधी मी गप्प झालो, माझ्या तोंडावर नुसत्या दोन रेघा आल्या, तर मला आपटू नका. मला बाजूला ठेवा आणि लेकराचा पाय हातात घ्या.